सरकारी कामात अडथळा: शिक्षा वाढवण्याआधी खटला टिकला पाहिजे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोलिसाची कॉलर धरली, वाहतूक हवालदाराला धक्काबुक्की केली, सरकारी कामात अडथळा आणल्याप्रकरणी गुन्हा दाखल झाला, अशा बातम्या आपल्या दैनिकात जवळजवळ रोज असतात. त्या खटल्यांचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा छापून येत नाही. निकालाच्या दिवशी न्यायालयात आरोपी, त्याचे वकील, सरकारी वकील आणि कारकून यांच्याशिवाय बहुधा कुणी नसते, आणि मूळ घटना तोवर पाच-सहा वर्षांची जुनी झालेली असते. मी दंडाधिकारी न्यायालयांत सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून सव्वीस वर्षे काम करून नुकताच निवृत्त झालो. हे खटले मी पोलिसांच्या बाजूने चालवले. काही जिंकलो, बरेच हरलो. पोलिसावर हात उचलणाऱ्याची शिक्षा वाढवा, ही मागणी प्रत्येक मोठ्या घटनेनंतर पुन्हा वर येते, म्हणून न्यायालयाच्या आत जे पाहिले ते लिहीत आहे.

आधी कायदा कसा आहे ते सांगतो. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग केल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ खाली कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून ती पाच वर्षांवर नेली, कलम ३३२ खालची दुखापतीची तीन वर्षांची शिक्षाही पाच वर्षे केली आणि हे खटले आमच्या न्यायालयांतून काढून सत्र न्यायालयाकडे दिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. राज्याची दुरुस्ती जुन्या संहितेला होती, ती संहिताच रद्द झाल्यावर दुरुस्ती आपोआप नव्या कायद्यात आली नाही. न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये शिक्षा पुन्हा कमाल दोन वर्षे आहे आणि खटला कोणत्याही दंडाधिकाऱ्यापुढे चालतो. लोकसेवकाला दुखापत झाली असेल तर कलम १२१ आहे. साध्या दुखापतीला पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला किमान एक व कमाल दहा वर्षे. म्हणजे ३० जून २०२४ च्या संध्याकाळी नाक्यावर हवालदाराला ढकलणारा माणूस सत्र न्यायालयात पाच वर्षांच्या कलमाखाली उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर तेच करणारा दंडाधिकाऱ्यापुढे दोन वर्षांच्या कलमाखाली.

३५३ (आता १३२) या थोरल्या कलमाचा एक धाकटा भाऊ आहे. जुने कलम १८६, आता न्याय संहितेचे २२१. लोकसेवकाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दंडाची कमाल मर्यादा पूर्वी ५०० रुपये होती, ती आता २,५०० रुपये आहे. 'सरकारी कामात अडथळा' हे शब्द खरे तर या धाकट्या कलमाचे आहेत. पण या कलमाखाली न्यायालयाला दखल घ्यायची असेल तर त्या लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयाकडे स्वतः लेखी तक्रार करावी लागते. पूर्वी ही अट फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मध्ये आहे आणि तिथे त्या लोकसेवकाने अधिकृत केलेला दुसरा लोकसेवकही तक्रार करू शकतो. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून दोषारोपपत्र पाठवले, एवढ्याने भागत नाही. थोरल्या कलमाला अशी कोणतीही अट नाही. दोन्ही गुन्हे वेगवेगळे असल्याने ३५३ ला या अटीची आडकाठी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दुर्गाचरण नाईक विरुद्ध ओरिसा राज्य या खटल्यात १९६६ सालीच सांगितले. शिवाय थोरले कलम दखलपात्र (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपास व अटक करता येते असे) आणि अजामीनपात्र, त्यामुळे सगळे काम ठाण्यातल्या ठाण्यात होते.

याचा परिणाम असा की रस्त्यावरची तोंडी हुज्जत कागदावर उतरताना तिला हात फुटतात. फिर्यादीची भाषा ठरून गेलेली आहे: 'माझी गचांडी पकडून धक्काबुक्की केली, अश्लील शिवीगाळ केली, तुला बघून घेतो अशी धमकी दिली.' त्याखाली ३५३, अपमानाचे ५०४, धमकीचे ५०६, आणि आरोपी दोघे असतील तर समान इराद्याचे ३४. अशा फिर्यादी मी शेकड्यांनी वाचल्या आहेत. त्यातल्या कित्येक अक्षरशः खऱ्या होत्या. पण खऱ्या घटनेची फिर्याद आणि वाढवून लिहिलेली फिर्याद यांची वाक्येसुद्धा तीच असल्यामुळे न्यायाधीशाला कागदावरून फरक कळत नाही, आणि संशय दोन्हींवर सारखाच येतो. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, हे संहितेच्या व्याख्येतच लिहिलेले आहे. बंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रारवजा मजकूर लिहिणाऱ्या दांपत्यावर ३५३ लावले गेले, तेव्हा माणिक तनेजा विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तो गुन्हा रद्द केला, कारण तिथे हमलाही नव्हता आणि बलप्रयोगही नव्हता.

एक खटला माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नाकाबंदीत बावीस वर्षांच्या मुलाची मोटारसायकल अडवली, शिपायाने चावी काढून घेतली, मुलाने ती परत घेण्याचा प्रयत्न केला आणि झटापटीत शिपायाच्या शर्टाचे बटण तुटले, अशी फिर्याद होती. खटला उभा राहिला तेव्हा पाच वर्षे उलटली होती. मी मुद्देमालाचे पाकीट न्यायालयात उघडायला लावले. खाकी शर्ट धुऊन, इस्त्री करून घडी घातलेला होता, आणि सगळी बटणे जागच्या जागी होती. दुसऱ्या बटणाचा दोरा मात्र बाकीच्यांपेक्षा गडद होता. जप्ती पंचनामा घटनेनंतर अकराव्या दिवशीचा. उलटतपासात बचाव पक्षाच्या वकिलांनी शर्ट हातात घेऊन विचारले, यावर झटापटीची खूण दाखवा. शिपाई क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "साहेब, दुसऱ्या दिवशी बंदोबस्त होता. माझ्याकडे दोनच शर्ट आहेत. बायकोनं रात्री बटण लावून दिलं." तो खोटे बोलत होता असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पण तुटलेले बटण हाच पुरावा होता आणि तो पुरावा शिवून टाकला गेला होता. ठाण्याच्या दैनंदिनीतली त्या नाकाबंदीची नोंद दाखल केलेली नव्हती, दोन्ही पंच फितूर झाले, आणि संशयाचा फायदा देऊन मुलाची निर्दोष मुक्तता झाली. तो निकाल कायद्याला धरून होता. चावीसाठी झालेली ती ओढाताण खरोखर किती होती, हे कोणत्याही कागदात राहिले नाही. तो मुलगा घटनेच्या वेळी पोलीस भरतीची तयारी करत होता. मुक्तता झाली तोवर तो खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा गाठायला आला होता आणि प्रत्येक अर्जात प्रलंबित गुन्ह्याचा रकाना भरून थकला होता.

दुसरा खटला याच्या अगदी उलट. मिरवणुकीच्या बंदोबस्तात एका हवालदाराच्या डोक्यात दगड घातला गेला. सहा टाके पडले. जखम सरकारी रुग्णालयाच्या नोंदवहीत होती. पण प्रमाणपत्र देणारे डॉक्टर तोवर बदलून गेले होते. समन्स तीन वेळा न बजावता परत आले आणि डॉक्टर साक्षीला न आल्याने प्रमाणपत्र शाबीत झाले नाही. घटनास्थळ नेमके कुठे, याबाबत सोबतच्या दोन पोलिसांचे जबाब जुळले नाहीत. सात वर्षांनंतर ते जुळावेत अशी अपेक्षा मी तरी धरू शकत नाही. गर्दीतला दगड याच आरोपीने मारला, हे सांगणारा तिसरा माणूस नव्हता. आरोपी सुटला. बाहेरच्या व्हरांड्यात त्या हवालदाराने टोपी काढून केसांखालचा व्रण मला दाखवला आणि विचारले, "साहेब, माझं डोकंपण शाबीत झालं नाही का?" मला उत्तर देता आले नाही. त्या काळात कमाल शिक्षा किती वर्षांची आहे, याने त्याला काडीचाही फरक पडला नसता.

म्हणून सांगतो, हे खटले शिक्षेचे आकडे लहान आहेत म्हणून पडत नाहीत. आरोप सिद्ध करायला लागणाऱ्या साध्या गोष्टी त्या-त्या दिवशी गोळा होत नाहीत म्हणून पडतात. सरकार पक्षाला इथे दाखवायचे असते की तो पोलीस त्या वेळी कर्तव्यावर होता, करत होता ते काम कायद्याने त्याचे होते, आरोपीने प्रत्यक्ष बळ वापरले किंवा तसा आविर्भाव केला, आणि हेतू काम थांबवण्याचा होता. कर्तव्य वाटपाची नोंद, दैनंदिनीतील नोंद, फाटलेला किंवा मळलेला गणवेश त्याच दिवशी सीलबंद करणे, तासाभरात वैद्यकीय तपासणी आणि पोलीस नसलेला एखादा साक्षीदार एवढे असले की खटला उभा राहतो. रस्त्यावर पन्नास माणसे पाहत असतात आणि जबाब फक्त सहकारी पोलिसांचे असतात, हे मी वारंवार पाहिले. पोलिसाच्या साक्षीवर केवळ तो पोलीस आहे म्हणून अविश्वास दाखवता येत नाही, हे तत्त्व मी प्रत्येक युक्तिवादात मांडले. पण साक्ष एकट्याची असली की तिच्यातली बारीकशी विसंगतीही पुरे होते.

शिक्षेबद्दल लोकांची कल्पना आणि वस्तुस्थिती यांत मोठे अंतर आहे. बातमीत 'पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद' असे वाचले की वाचकाला वाटते, हा माणूस आता पाच वर्षे आत जाणार. ३५३ ला किंवा १३२ ला किमान शिक्षा नाही; नुसत्या दंडावरही प्रकरण मिटू शकते. दोषी ठरल्यावर आरोपीला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकले जाते, तेव्हा न्यायाधीश पाहतात ते असे: इजा झाली का, हत्यार होते का, आरोपी जमावाचा पुढारी होता की मागे उभा होता, वय काय, आधीचे गुन्हे आहेत का, आणि मधल्या वर्षांत तो कसा वागला. किरकोळ धक्काबुक्की आणि पहिलाच गुन्हा असेल तर माझ्या अनुभवात 'न्यायालय उठेपर्यंत कैद' आणि काही हजारांचा दंड, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका, हेच बहुधा होत असे. आरोपी संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहतो, न्यायाधीश उठले की त्याची शिक्षा संपते. डोके फोडले, दात पाडला, गाडी अंगावर घातली, अशा प्रकरणांत मात्र कैद होते आणि ती व्हायलाच हवी.

दोषी ठरलेल्याला तुरुंगाऐवजी ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू देणाऱ्या १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचा वापर या खटल्यांत जितका व्हायला हवा तितका होत नाही. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तुरुंगात पाठवायचे असेल तर न्यायालयाने कारणे नोंदवली पाहिजेत, असे त्याचे कलम ६ सांगते. कलम ३ (ताकीद) किंवा ४ (बंधपत्र) खाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असे कलम १२ सांगते. रागाच्या भरात शिपायाचा हात झटकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलासाठी ही तरतूद किती मोलाची आहे! पण त्यासाठी कुणीतरी अर्ज द्यावा लागतो, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल वेळेवर यावा लागतो, आणि गरीब आरोपीच्या बाजूने तो अर्ज बहुतेक वेळा दिलाच जात नाही. न्याय संहितेने समाजसेवा ही नवी शिक्षा आणली. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्याला ती देता येते, किरकोळ चोरीतही देता येते. कलम २२१ आणि १३२ मध्ये ती नाही. पोलिसाशी झटापट केलेल्या तरुणाने चार आठवडे अपघातग्रस्तांच्या वॉर्डात काम केले तर त्याचा उपयोग २,५०० रुपयांच्या दंडापेक्षा निश्चित जास्त होईल, आणि राज्याने दुरुस्ती करायचीच ठरवली तर ही करावी.

नागरिकांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मी कर्तव्य समजतो. पोलीस चुकत आहे असे वाटले तरी अंगावर जाऊन प्रतिकार करण्याचा हक्क कायदा सहसा देत नाही. न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे लोकसेवक आपल्या पदाच्या अधिकारात सद्भावनेने वागत असेल, तर त्याची कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क नसतो. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तेवढाच अपवाद. 'अटकच बेकायदा होती' हा बचाव म्हणून ऐकताना सोपा वाटतो आणि न्यायालयात टिकवताना फार जड जातो. मोबाइलवर चित्रण करणे, नाव व बिल्ला क्रमांक विचारणे, वरिष्ठांकडे लेखी तक्रार करणे, हे सगळे करता येते. पोलीस ठाण्यात चित्रण केल्याबद्दल शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

खरी शिक्षा निकालाआधीच भोगून होते, हे या खटल्यांचे सर्वांत मोठे दुखणे आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा सरधोपट मार्ग नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ साली बजावले आणि आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी ही तरतूद आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. तरीही फिर्यादी स्वतः पोलीस, तपास त्याच ठाण्याचा, आणि आरोपी त्याच ठाण्याच्या कोठडीत, अशी स्थिती या गुन्ह्यात सर्रास येते. शुक्रवारी संध्याकाळी अटक झाली की जामिनासाठी सोमवार उजाडतो. पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा वर्षानुवर्षे वर येत राहतो. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक प्रकरणांकडे नोकरी देणाऱ्याने उदारपणे पाहावे, असे अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, पण माहिती लपवली तर वाट बिकट होते, हेही तिथेच सांगितले. हे दुसरे वाक्य बऱ्याच मुलांना उशिरा कळते.

गृह विभागाने तीन गोष्टी केल्या तर चित्र पुष्कळ बदलेल, आणि त्यातल्या दोन तर उद्यापासून करता येतील. पोलिसाच्या फिर्यादीवरून १३२ किंवा १२१ चा गुन्हा नोंदवला की त्याच दिवशी ठाण्यातील, नाक्यावरील आणि शरीरावरील कॅमेऱ्याचे चित्रण ताब्यात घेऊन नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतील चित्रण अठरा महिने जपायला सांगितले. पण खटला पाचव्या वर्षी चालतो, तोवर ते पुसले गेलेले असते. प्रमाणपत्राशिवाय चित्रणाची प्रत पुराव्यात येत नाही, हे आपल्याच जालन्यातील निवडणुकीच्या वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली ठरले आहे. चित्रण असते तर त्या शिपायाला शर्ट दाखवावा लागला नसता आणि मुलालाही पाच वर्षे तारखा माराव्या लागल्या नसत्या. दुसरे म्हणजे, असा तपास दुसऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे द्यावा, आणि नुसती हुज्जत असेल तर धाकटे कलमच लावून त्या पोलिसाच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार द्यावी. एक पान लिहिण्याचा कंटाळा म्हणून पाच वर्षांचा खटला उभा करू नये. तिसरे काम वेळखाऊ आहे. २०१८ ते २०२४ या काळातले जे खटले सत्र न्यायालयांत साचले आहेत, त्यांतून ज्यांत इजा नाही असे वेगळे काढून सरकार पक्षाने त्यांचा फेरविचार करावा. खटला मागे घेण्याचा मार्ग कायद्यात न्यायालयाच्या संमतीने उपलब्ध आहे. त्यामुळे मोकळा होणारा वेळ डोके फुटलेल्या हवालदारांच्या खटल्यांना मिळेल, त्यांचे डॉक्टर बदलीच्या गावाहून दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष देऊ शकतील, आणि आठवण ताजी असताना साक्षी होतील.

शेवटी एक विनंती आपल्याला. मी सांगितलेल्या त्या नाकाबंदीतल्या मुलाचे नाव, वय आणि गाव गुन्हा दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात छापून आले होते. ते कात्रण त्याच्या वडिलांनी मुक्ततेच्या दिवशी मला दाखवले आणि आता सुटल्याचेही छापतील का, असे विचारले. मी त्यांना निकालाची प्रमाणित प्रत घेऊन संपादकांकडे जायला सांगितले. ते गेलेही, पण त्याची ओळ आली नाही. ज्या आरोपीची बातमी नावानिशी छापली त्याच्या निकालाचीही दोन ओळींची बातमी, मग ती शिक्षेची असो वा मुक्ततेची, आपल्या दैनिकाने छापण्याचा पायंडा पाडावा.

आपला,
एक निवृत्त सहायक सरकारी अभियोक्ता